झाडाला घातलेली चुणी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. (म्हणजे पाहिली माझ्या बायकोने, पण तिचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत.)

आमच्या शेजारी एक शिंपी राहायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. एका गिऱ्हाइकाने त्याला कुठल्याशा उबदार बेटावरचं रोप दिलं. त्याची रीत अशी: पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी माणसाच्या डोक्यावरून जाणारा निळ्या फुलांचा तुरा, आणि मग झाड खलास. मास्तरने ते दारापुढच्या कुंडीत लावलं. वर्ष सरत आलं तरी केसाळ पानांपलीकडे काही दिसेना.

वरच्या मजल्यावर त्याच्या सासूबाई राहत. त्यांनी खिडकीतून विचारलं, "जावईबापू, ही भाजी चिरायची कधी?"

"फुलणार आहे ते, आई."

"तुमच्या हातून? बघू या. तुमच्या घरी फूल आलं नाही, तर ते खडखडं मशीन पुढच्या खोलीतून मागे न्यायचं. माझी दुपारची झोप खाल्ली त्याने."

मास्तर भरीस पडून हो म्हणाला. पुढची खोली म्हणजे त्याचं राज्य: मशीन, इस्त्री आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा.

दुसऱ्या वर्षी झाड जे उठलं ते थांबेचना. मास्तर रोज टेप लावून उंची घेई. (सवयीने छातीचंही माप घेई.) शेंडा छपराच्या दिशेने निघाला तेव्हा त्याला चिंता लागली. फुलं इतक्या वर आली तर ती आपली आहेत हे कळणार कुणाला? मग त्याने शिंप्याने करायचं तेच केलं. लांबी जास्त झाली की चुणी. चिंध्या बांधून त्याने कोवळा दांडा अलगद आडवा वळवला.

पण झाडाला शिवणकाम कुठे कळतं? चुणीच्या पुढून त्याने पुन्हा वरची वाट धरली, आणि तुरा थेट सासूबाईंच्या खिडकीतून आत शिरला. तिथेच फुलला. हजारो निळी फुलं, अगदी त्यांच्या उशापाशी.

सासूबाईंनी सगळ्या गल्लीला चहाला बोलावलं. "माझ्या खोलीत फुललंय," त्या म्हणाल्या, "यांच्या घरी नव्हे."

"अहो, आईचं बरोबर आहे," मास्तरची बायको म्हणाली. "आपल्याकडे खाली कुठंय फूल?"

तेव्हा मास्तर छाती काढून म्हणाला, "आई, तुम्ही रोज माझ्या छतावर चालता. म्हणून तुमचे पाय माझे झाले का?" गल्ली खो खो हसली आणि मशीन जागेवर राहिलं.

आता खरं सांगतो, हे शेवटचं मी पदरचं घातलं. मास्तर एवढंच म्हणाला, "बरं." आणि मशीन एकट्याला उचलेना, म्हणून दुसरी बाजू धरायला त्याने सासूबाईंनाच हाक मारली.