चष्मेवाल्यांनी गिटार डावी केली

चष्मेवाल्यांना कुणी सांगितलं की अमक्या वस्तूला हात लावू नका, की त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा. आणि तोही डावा, कारण ते पक्के डावखुरे. नुसते डावखुरे असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण हे सगळं जग उजव्यांनी उजव्यांच्या सोयीने करून ठेवलंय, अशी त्यांची तक्रार होती, आणि निदान आपल्या घरापुरतं ते दुरुस्त करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. फ्रिजचं दार त्यांनी उलट्या बाजूला बसवलं. बाथरूमची कडी पलीकडे नेली (नवखा पाहुणा आत गेला की बाहेर येण्यासाठी हाका मारायचा). घरातली कात्री तर अशी करून ठेवली होती की बायको कापडाला हात घालायच्या आधी शेजारी कात्री मागायला जायची.

अशात मुलीचं जमलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, लाजाळू, आणि तो गिटार वाजवतो हे ती दर दोन वाक्यांनंतर सांगायची. रविवारी संध्याकाळी तो आपल्या आत्याला घेऊन घरी यायचा होता. आत्यानेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिने मान हलवली की लग्न पक्कं. आत्याला आणि तिच्या सामानाला स्टेशनवरून आणायचं, त्यात गिटारची अडचण नको, म्हणून तो ती सकाळीच ठेवून गेला. मुलीने ती बाबांच्या पलंगावर ठेवली आणि बजावलं, "बाबा, हिला हात लावू नका."

झालं. मायलेकी बाजारात गेल्या आणि चष्मेवाल्यांनी गिटारच्या पिशवीची चेन उघडली.

गिटार त्यांनी साहजिकच आपल्या पद्धतीने धरली, म्हणजे उलटी. तर जाड तार खाली आणि बारीक तार वर. म्हणजे इथेही उजव्यांनी आपलंच खरं केलेलं. त्यांच्या मनाला ते फार लागलं. तारा काढायच्या, उलट क्रमाने लावायच्या, जरा वाजवून बघायचं आणि पुन्हा होतं तसं करून ठेवायचं; यात कुणाचं काय जातं? चष्म्याच्या काडीचा मोहरीएवढा स्क्रू बसवणाऱ्या माणसाला सहा तारा म्हणजे किस झाड की पत्ती. त्यांनी आपल्या चष्म्याच्या दुकानातला बारीक चिमटा काढला.

पण गिटार हट्टी निघाली. जाड तार बारीक खाचेत शिरेना, बारीक तार जाड खाचेत लोळण घेऊ लागली. चष्मेवाले घामाघूम झाले. शेवटची तार कशीबशी पिळत होते, तोच दारावरची बेल वाजली. पाहुणे लवकर आले होते. त्यांनी गिटार पिशवीत कोंबली, चिमटा खिशात टाकला आणि हसतमुखाने दार उघडायला गेले.

मायलेकीही पाठोपाठ परतल्या, चहा झाला. आत्या मोजकं बोलणारी बाई होती. तिने घर पाहिलं, मुलीची चौकशी केली, एकदा बाथरूममधून हाक मारली, पण मान काही हलवली नाही. मग मुलगीच म्हणाली की आता गिटार ऐकू या, आणि चष्मेवाल्यांनी घाईघाईने बिस्किटांची बशी पुढे केली.

मुलाने गिटार घेतली, डोळे मिटले आणि तारांवर हात फिरवला. फडताळातली सगळी भांडी एका दमात जिन्यावरून खाली यावीत, तसा आवाज झाला. मुलाच्या कपाळावर एक आठी पडली, पण तो थांबला नाही. चष्मेवाल्यांच्या बायकोने आधी छताकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या खिशातून डोकावणाऱ्या चिमट्याकडे. आत्या शांतपणे बिस्किट खात होती. (काय ही खानदानी सभ्यता, चष्मेवाल्यांना वाटलं.) आणि मुलगी? मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली.

ते मागोमाग गेले. ती ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती. म्हणाली, "बाबा, किती दिवस सराव करत होता हो तो. आज काय झालं त्याला?"

पोरीचा तो चेहरा पाहून चष्मेवाल्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आपल्या एका चिमट्यापायी हिचं लग्न मोडायचं? ते तडक बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी कबूल करून टाकलं. पोराचा काही दोष नाही, तारा मी उलट्या लावल्यात. बायकोने कपाळावर हात मारला. मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा दोन शब्द बोलली असती तर बरं. आत्याने फक्त बिस्किट खाली ठेवलं.

मुलाने तिथेच बसून तारा पुन्हा लावल्या. चष्मेवाल्यांनी चिमटा पुरवला आणि टॉर्च धरली. प्रत्येक तार जुळवून झाली. मुलाने डोळे मिटले आणि तारांवर हात फिरवला.

तीच भांडी, तोच जिना. या वेळी फक्त शेवटी एक परात बराच वेळ गोल फिरत राहिली.

मुलीचा चेहरा उजळला. "आता कसं," ती आईला म्हणाली, "असंच वाजवतो तो."

मुलगा मात्र चष्मेवाल्यांकडेच बघत होता, डोळ्यांत पाणी आणून. म्हणाला, "काका, आजवर लोकांनी मलाच नावं ठेवली. तारांचा दोष काढणारे तुम्ही पहिले."

आणि आत्याने मान हलवली. या घरात पोराचं वाजवणं सोसलं जाईल, एवढंच बघायला ती आली होती.

साखरपुड्याला जावयाने सासऱ्यांना भेट आणली: डावखुऱ्यांसाठी मुद्दाम घडवलेली गिटार. एकही तार बदलायची नाही, एकही खाच कोरायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू सरळ त्यांच्या हातासारखी आली होती. ते हॉलमध्ये खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने बायको कानावर हात ठेवून आली. "अहो, ही तर तुमच्याच हाताची आहे ना? मग अशी का वाजतेय?"

चष्मेवाल्यांनी गिटार वरपासून खालपर्यंत निरखली, दुकानातलं भिंग लावून पाहिली. तिच्यात काही खोट सापडेना. मग ते उठले, मागे वळले आणि बराच वेळ बारकाईने बघत राहिले.

"खुर्ची उजवी आहे," ते म्हणाले, आणि चिमटा शोधायला आत गेले.