उत्तमकाकांची सुतळी

शोरूममधल्या चकाचक ट्रकखाली उत्तमकाका पालथे पडले होते. बाहेर दिसत होता तो पांढरा पायजमा आणि दोन टाचा. सेल्समन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकांचं काही पडलं का?"

"पडलं काही नाही. मोजतायत," मी म्हणालो.

खालून आवाज आला, "पोरा, तुह्या कागदावर उंची लिहेल हाय ना, थे एक बोट कमी भरून राह्यली."

"काका, कंपनीनं मोजलेलं असतं ते."

"कंपनीनं मोजलं. म्या मोजलं काय?"

तर हे उत्तमराव गवई. धाड गावात आमची घरं एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून. मोजणी खात्यात शिपाई म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. साहेब सावलीत बसून कागदावर रेघा मारायचे आणि काका उन्हात साखळीचं दुसरं टोक धरून उभे राहायचे. रिटायर झाले, साखळी सरकारजमा झाली आणि काकांच्या खिशात सुतळी आली. वावभर, म्हणजे दोन हात पसरल्याएवढी लांब, वापरून वापरून काळी पडलेली, आणि तिला गाठी मारलेल्या.

त्या सुतळीपुढे कुणाचंच चालत नाही. बाजारात दोडकं घेतानासुद्धा काका ते आधी सुतळीला लावतात. बाई म्हणते, काका, दोडकं किलोवर आहे. काका म्हणतात, "असू दे. घरच्या कढईत आडवं बसलं पाह्यजे." माझी बायको काळजीनं सांगायला गेली की पोराला रात्रीपासून ताप आहे, तर पहिला प्रश्न काय, "मोजला काय?" बायको तेव्हापासून त्यांना काही सांगायच्या आधी थर्मामीटर लावते.

अशा माणसाबरोबर मी धंद्यात भागीदारी केली. इलाज नव्हता. माझी प्रवासी जीप भंगारात गेली होती, घरात दोन पोरं, आणि मला गाडी चालवण्यापलीकडे काडीचं काही येत नाही. बुलढाण्यातला एक फर्निचरवाला म्हणाला, छोटा ट्रक घे, लग्नसराईत कपाटं, दिवाण, फ्रिज गावोगाव पोचवायचं काम तुला देतो. पण तुळशीच्या लग्नाच्या आत गाडी दुकानासमोर उभी दिसली पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. काकांकडे फंडाचे पैसे होते. "गाडी माही, हानाची तू," एवढ्यात भागीदारी ठरली. गाडी कोणती, हे मात्र काही ठरेना.

माझं मन पहिल्याच दिवशी बसलं होतं. मोठी गाडी, दहा फुटी हौदा, घाटात तोंड वर करून चढेल अशी. मी स्टिअरिंगला हात लावला आणि मनातल्या मनात हार घालून मोकळा झालो. काकांनी सुतळी काढली. पहिली गाठ कपाटाची, दुसरी दिवाणाची, तिसरी दुकानाच्या गोदामाच्या दाराची. तिन्ही पास. मग त्यांनी चौथी गाठ गाडीच्या रुंदीला लावली, मान हलवली आणि म्हणाले, "नाही जमत."

"काऊन नाही जमत? चौथी गाठ कशाची आहे?"

"हाय एक."

बुलढाणा, चिखली, खामगाव, तिन्हीकडची शोरूमं पालथी घातली. मोठी गाडी आली की चौथी गाठ आडवी. त्या गाठीत बसायची ती लहान गाडी, आणि ती मला नको होती. शेवटी शेवटी सेल्समन आम्हाला लांबून पाहूनच चहाला निघून जायचे. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं आणि मला झोप लागेना.

गाडी काकांना दारातच हवी होती. रस्त्यावर ठेवली तर टायर कोणी नेईल ही भीती. आणि दार म्हणजे आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी यमुनाबाईचा ओटा. यमुनाबाई ऐंशीच्या घरातली, एकटी, डोळ्यांनी अधू. तिचा ओटा गल्लीत अडीच फूट पुढे आलाय, हे काकांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकतोय. संध्याकाळी काका चौकातून परत आले की ती चपलांच्या आवाजावरून ओळखून विचारणार, "आला काय रे उत्तम?" काका म्हणणार, "आलो नाही त काय भूत हाय? ओटा मांगं घे तुहा." ती म्हणणार, "तुह्या बापानं बांधला काय?" मग काका घरात, ती घरात, गल्ली शांत. काकू होत्या तेव्हाही हे चालायचं, काकू गेल्यावरही चालू राहिलं.

माझ्या डोक्यात उजेड पडला. ओटा गेला तर मोठी गाडी सरळ दारात. मी ग्रामपंचायतीत जाऊन आलो. तिथं म्हणाले, ज्याची गाडी अडते त्यानं लेखी तक्रार दिली तर बघता येईल. मी अर्ज लिहूनच आणला आणि काकांपुढे ठेवला. एवढ्या वर्षांची त्यांची इच्छा मी एका कागदात पुरी करून आणली होती. शाबासकीची वाट पाहत मी उभा राहिलो.

काकांनी चष्मा लावून अर्ज तीनदा वाचला. "हे अडीच फूट लिहेल हाय. मोजलं कोनं?"

"तुम्हीच तर रोज सांगता."

"तोंडानं सांगतो. कागदावर लिहाचं म्हटलं म्हणजे मोजा लागते."

"मग मोजा ना. सुतळी तुमच्या खिशात आहे."

काकांनी दाराबाहेर पाहिलं. समोरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. म्हणाले, "आज वारा हाय. सुतळी हालते."

मी तापलो. जन्मभर दोडकीसुद्धा मोजणारा माणूस आणि ऐन वेळेला वारा? "काका, तुम्ही माझ्या पोटावर पाय देऊन राह्यले," असं मी तोंडावर बोललो. काकांनी अर्जाची घडी घालून ती भिंतीवरच्या काकूंच्या फोटोमागे खोचली आणि म्हणाले, "लहानी गाडी उद्या भरून घाटात नेऊ. नाही चढली त तू म्हनशीन थे घेऊ."

लहान गाडीवर माझा काडीचाही भरवसा नव्हता. काकांनी मक्याची पोती काट्यावर एकेक तोलून घेतली, कपाट-दिवाण-फ्रिजच्या वजनाला बरोबरी केली आणि राजूर घाटाकडे निघालो. सेल्समन बिचारा मागून मोटारसायकलवर. जाताना उतार, त्यात काय कौतुक. खाली जाऊन वळलो आणि चढायला लागलो. अर्धा घाट बरा गेला. ऐन चढाच्या वळणावर काका म्हणाले, "थांब."

"इथं? काका, इथं थांबलं तर—"

"पुढं ट्रक फसेल असला त थांबा लागनच ना. थांब."

थांबलो. हँडब्रेक ओढला. मागं पोती, खाली दरी. पहिला गिअर टाकून क्लच सोडायला लागलो, गाडी कण्हली, थरथरली, बोटभर मागं सरकली, आणि मग धरलं तिनं. वर वर निघाली ती थेट माथ्यावर जाऊनच थांबली. काका सुतळी मुठीत घट्ट धरून बसले होते. एवढंच म्हणाले, "हाव, चढली." मी उतरून रस्त्याच्या कडेला चक्क बसलो. इतका मोकळा श्वास मी जीप गेल्यापासून घेतला नव्हता.

गाडी घेतली. फर्निचरच्या दुकानदारानं हौदा पाहून तोंड वाकडं केलं. काकांनी पहिल्या तीन गाठींच्या हिशोबानं कपाट आडवं आणि दिवाण कडेला उभा लावून दाखवला, शिवाय फ्रिजला जागा उरली. "बसतंय ना सगळं? मग मला काय," दुकानदार म्हणाला. तुळशीच्या लग्नाला दोन दिवस बाकी होते. काम आमचं झालं.

गाडी गल्लीत घेतली ती आरसे दुमडून. काका मागं चालत, "येऊ दे, येऊ दे." यमुनाबाई ओट्यावर पाय सोडून बसलेली.

"म्हातारे, पाय वर घे."

"नाही घेत. तू गाडी मोज," ती म्हणाली आणि तिनं गुपचूप पाय वर घेतले.

दोन्हीकडे दोन-दोन बोटं सोडून गाडी आत गेली. एवढी बरोबर कशी बसली ते मला कळेना. मी काकांच्या हातातून सुतळी घेतली, एक टोक समोरच्या भिंतीला धरलं आणि ताणली. चौथी गाठ ओट्याच्या कडेवर येऊन टेकली.

"म्हणजे ओटा तुम्ही आधीच मोजला होता."

"ओटा नाही मोजला बे. उरली गल्ली मोजली."

त्या फोटोमागच्या अर्जाची मला लाज वाटली.

पहिला माल घाटाखालच्या धामणगाव बढे गावात टाकला. परत येताना अंधार पडला आणि काका सारखे म्हणायला लागले, "हान ना बे जरा." भूक लागली असेल असं मला वाटलं. गल्लीत वळलो तर दिव्याच्या उजेडात यमुनाबाई ओट्यावर, मच्छर मारत बसलेली. काका उतरले.

"आला काय रे उत्तम?"

"आलो वं."

"मंग जेवते बापा मी," असं म्हणून ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि आत गेली.

काका तिच्या दाराला कडी लागेपर्यंत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुही काकू गेली तवापासून आला काय म्हून इचारनारं दुसरं कोनी नाही. अन् मी आलो नाही त थे बुढी जेवत नाही." खिशातून सुतळी काढून ते नखानं चौथी गाठ सोडायला लागले. जुनी गाठ, सुटता सुटेना. मी सुतळीचं टोक धरलं.

सुटल्यावर त्यांनी ती जागा बोटांनी सरळ केली, ओट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे आता मोजाचं काम नाही."