सदूनानांची जकात

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच. रत्नागिरीच्या जकात नाक्यावरच्या सदूनानांना येणाऱ्या-जाणाऱ्याला एक प्रश्न विचारायची सवय होती. साहेबांच्या दोन मेमोंनी ती सुटली नाही. माझ्यामुळे सुटली.

पालीकडून गावात शिरणाऱ्या रस्त्यावर आमचा नाका होता. एक कौलारू खोली, दोन टेबलं, रस्त्यात आडवा बांबू. बैलगाड्या पुष्कळ, मोटारी दिवसाला दोन. मी घाटावरून नवा आलेला कारकून, नाना तिथले जुने. अंगानं वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. डोक्यावरची काळी टोपी इतकी जुनी, की उन्हात हिरवी दिसायची. लग्न केलेलं नव्हतं. नाक्यामागच्याच खोलीत हातानं भात शिजवून खायचे.

गाडी आली की मी पावती फाडायचो. मग नाना बांबूवर हात ठेवून म्हणायचे, "ही मुन्शिपाल्टीची झाली. आता माझी. काल-आजात सुखाचं काय घडलं?"

सांगितल्याशिवाय बांबू वर जात नसे. "देवाच्या कृपेनं ठीक आहे" हे चालत नसे. "ठीक म्हणजे काहीच घडलेलं नाही," नाना म्हणत. "माल दाखवा."

एकदा एका खोतांनी मिशीवर हात फिरवत सांगितलं, आंब्याच्या बागेचा दावा जिंकलो. नाना म्हणाले, "ती जीत झाली, खोतसाहेब. पलीकडे कोणीतरी रडत असेल. दुसरं बघा काही." खोत संतापले, गाडीतून उतरले, कडेच्या चिऱ्यावर जाऊन बसले. पंधरा मिनिटांनी तिथूनच खालच्या आवाजात म्हणाले, "सकाळी नातीनं माझ्या ताटातला पापड मोडून नेला." बांबू वर गेला.

मासे विकायला खेड्यांत जाणारी रखमा मात्र उभ्या उभ्या भांडायची. "नाना, पाटी जड हाय, सोड आधी."

"सांग नि जा."

"पायात रुतलेला काटा निघाला. झाला?"

"झाला. अस्सल माल."

हसन खलाशी चार महिन्यांनी बोटीवरून घरी आला होता. तो म्हणाला, "बोटीवर खाऱ्या पाण्याची आंघोळ, नाना. आज विहिरीवर बसलो नि अम्मा गोडं पाणी ओतत राहिली." त्याच्या हातात साधी पिशवी होती, बाजूनं सहज गेला असता. पण नाना खुर्चीतून उठले आणि मोटारीसाठी उचलावा तसा दोन्ही हातांनी बांबू उचलला.

"माणसाकडे असतं रे," मला म्हणायचे, "पण कोणी विचारल्याशिवाय त्याला सापडत नाही."

माझ्याकडे नव्हतं. मी बायकोला तिच्या वडिलांवरून नको ते बोललो होतो आणि ती कऱ्हाडला माहेरी निघून गेली होती. नाक्यावर मी सांगितलं होतं, बाळंतपणाला गेली आहे. नाना बोटांवर महिने मोजत. रोज सकाळी पहिली जकात माझी असे, आणि मी आणलेलं सगळं ते परत करत. एक दिवस त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "मुलगी झाली."

त्या दिवशी त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. उलट प्रत्येक गाडीवानाच्या हातावर खोबरं-गूळ ठेवला. "आज माझी जकात माफ. आमच्या घाटकरांना मुलगी झाली." नावही त्यांनीच सुचवलं, दुर्गा.

पुढे दोन वर्षं मी तिला वाढवत होतो. तिला दात आले, ती भिंतीला धरून उभी राहिली, आजोबांची पगडी तिनं पाण्यात बुडवली. तिकडची हवा सोडून इकडे आणवत नाही म्हणायचो. खोटं सांगतो आहे हे कळत होतं, आणि दिवसातला तेवढाच वेळ मला बरं वाटायचं. एकदा मी विचारलं, "नाना, तुम्ही सगळ्यांना विचारता. तुमचं काय?"

त्यांना हे कधी कोणी विचारलेलं नसावं. टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "माझं? इतके दिवस नव्हतं बाबा. आता दुर्गा आहे."

दिवाळीच्या आधी ते ऑफिसातून हसत आले. नोकरीतली पहिली रजा मंजूर झाली होती. बगलेत खणाचं परकर-पोलकं. "तुझ्याबरोबर येतो कऱ्हाडला. पोरीला बघून येतो."

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "नाना, पत्र आलंय. दोन दिवस ताप होता. गेली ती."

ते खाली बसले. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू जा. तिच्या आईजवळ जाऊन बस. नाक्याचं मी बघतो." स्वतःची रजा त्यांनी माझ्या नावावर करून घेतली आणि मला मोटारीत बसवलं.

मी खरंच कऱ्हाडला गेलो. दुसरीकडे तोंड घेऊन जायला जागा नव्हती. सासऱ्यांच्या पाया पडलो, बायकोची माफी मागितली. ती माझ्याबरोबर आली. माझा संसार लागला तो तिथून.

परतलो तेव्हा बांबू वर बांधलेला होता. रखमा पाटी घेऊन उभी होती. "नाना, आज पण इचारणार नाय?"

"जा गो. ऊन होईल तुला."

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "चार दिस चूल पेटवली नाय त्यांनी. बामणा, तूच काय तो समजाव." मी समजावलं नाही. दोन महिन्यांत बदली मागून घेतली; तोवर बायकोला नाक्याकडे फिरकू दिलं नाही. त्या दोन महिन्यांत त्यांनी कोणालाही काही विचारलं नाही, मलाही नाही. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली, खरी. तिचं नाव दुर्गा ठेवायचा धीर मला झाला नाही.

सदूनाना अजून आहेत. नोकरी संपली, खोली बदलली, तब्येत बरी नसते असं ऐकतो. ती मुलगी कधी जन्मलीच नव्हती, एवढं त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.