थंडी म्हणजे थंडी

"वाचलं का म्हून काय इचारता? कोळून प्यालोय मी ते पुस्तक!" मुरूमच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात बलभीमरावांनी बशी आपटून जाहीर केलं. आणि घोळ झाला तो तिथंच.

पुस्तक त्यांच्याच लेकीचं, शिवांजलीचं. 'उणे प्रदेश' नावाची विज्ञान कादंबरी. पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकानं काढली होती आणि पेपरात तिच्यावर चांगलं अर्धं पान छापून आलं होतं. लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं, इतकी अवघड, इतकी अमूर्त कादंबरी मराठीत क्वचितच झाली असेल. शेवटी जाता जाता एक ओळ होती, की लेखिका स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. गावाला त्या अर्ध्या पानातली ही एकच ओळ समजली. जो तो बलभीमरावांना गाठायचा, पुस्तकाबद्दल विचारायचा आणि विचारताना आवाज असा काढायचा, जसं काही घरात कुणी आजारी आहे. म्हणून चिडून ते कोळून प्यायचं बोलून गेले.

खरी गोष्ट अशी, की बलभीमराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी भोंग्यावर गाड्या पुकारण्यात गेली. आवाज असा खणखणीत, की मुरूमला त्यांनी आळंदची गाडी पुकारली की आळंदातली माणसं पिशव्या उचलायची! वाचन मात्र वेळापत्रकाच्या पुढं कधी गेलं नव्हतं. लेकीचं पुस्तक त्यांनी पूजा करून, हळद-कुंकू वाहून उघडलं. पहिलीच ओळ होती :

'थंडी होती. तिला कड नव्हती. म्हणून ती कुठं आहे, हे विचारता येत नव्हतं.'

बरं. त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावरही थंडीच. पन्नासेक पानं उलटली तरी एक माणूस येईना. माणूस सोडा, कुत्रं येईना! कुणी चहा पीत न्हाय, कुणाचं लग्न ठरत न्हाय, कुणी मरत सुद्धा न्हाय. बलभीमराव पुस्तक छातीवर ठेवून आढ्याकडं बघत पडायचे. आपल्याच पोटचं पोर आपल्याशी एवढं बोललंय, आणि आपल्याला त्यातला एक शब्द कळू नये!

शिवांजली रोज जेवताना विचारायची, "आप्पा, कुठवर आला?"

"आलोय की मधी."

"मध्य तर एका जागी असतो. कोणत्या पानावर?"

या पोरीपुढं 'जवळपास', 'साधारण', 'बघू' असले शब्द चालत नव्हते. ती शांतपणे उत्तराची वाट बघत बसायची, आणि तिची आई, प्रेमाबाई, बिचाऱ्या मध्येच भाकरी वाढायच्या.

हॉटेलातली बढाई संध्याकाळच्या आत वाचनालयाचे अध्यक्ष रामहरी सरांच्या कानावर गेली. हे निवृत्त मराठी शिक्षक. त्यांनी लगेच कार्यक्रम ठरवला, फलक रंगवला : 'लेखिकेच्या वडिलांचे मनोगत'. बलभीमराव गुपचूप सरांच्या घरी गेले.

"सर, मला त्यातलं काय बी कळलं न्हाय."

सरांनी दार लोटून घेतलं. "खरं सांगू का बलभीमराव? मी मागच्या पानावरचा मजकूर तेवढा वाचलाय."

"मग आता?"

"घाबरू नका. अशा पुस्तकात सगळं प्रतीक असतं. लिहिणारी कशी, तशी तिची नायिका. थंडी म्हणजे तुमची शिवांजली! बाकीचं तुम्ही ओळखा. घरचीच माणसं असणार."

बलभीमराव घरी येऊन पुन्हा पुस्तकाला बसले. आणि काय सांगावं! गेलेली वीज यावी तसं सगळं लख्ख दिसायला लागलं. थंडीला कड न्हाय, म्हणजे पोरीला मैत्रिणी न्हाईत. थंडी एकटीच फिरतेय, म्हणजे पोरगी घरून नोकरी करत, कोपऱ्यातल्या खोलीत बसून कंपनीचे नकाशे तपासतेय. मग आलं ते पान. त्यात 'जड' नावाचं काहीतरी होतं. 'जड सगळ्यांना आपल्याकडे ओढत असे. त्याला काहीही ऐकू येत नसे. त्याच्याजवळ वेळ हळू चाले.'

बलभीमराव ताडकन उठून बसले. वेळ हळू चाले! म्हणजे एसटीच की! आणि कुणाचं काही ऐकून न घेता नुसतं पुकारत राहणारं कोण? आपण घरात पाऊल टाकलं की पोरगी कानाला हेडफोन लावते. इतके दिवस त्यांना वाटायचं, गाणी ऐकत असेल. आता कळलं! त्या दिवसापासून बलभीमरावांचा जेवणावरची वासना उडाली.

दुसऱ्या दिवशी ते कुजबुजत बोलायला लागले. घरात चवड्यांवर चालायला लागले. कुकरची शिट्टी बंद केली, तर डाळ शिजेना. मिक्सर बंद केला, तर प्रेमाबाईंना चटणी वाटायला शेजारी जावं लागे.

"आवो, घसा बसलाय का तुमचा?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"न्हाय," ते कुजबुजले.

"मग काय बसलंय?"

ते परसात जाऊन उभे राहिले. प्रेमाबाईंनी त्यांना धरून उमरग्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, छाती तपासली, म्हणाले, "काय होतंय नेमकं?"

बलभीमरावांचे डोळे भरून आले. "डॉक्टर, म्या जड हाय."

डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि भात बंद केला!

उमरग्याहून ते परत यायच्या आत गावात बातमी होती, की बलभीमरावांच्या घशात गाठ झाली. परंड्याहून भाचा शहाळी घेऊन आला. शेजारणी दारातून आत बघून पदर डोळ्यांना लावायच्या. गाठ असती तर बरं झालं असतं, असं बलभीमरावांना वाटायचं. गाठ काढता येते.

शिवांजली एकदा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आप्पा, तुमी असं का बोलताय? मला ऐकू येत न्हाय. नेहमीसारखं बोला."

केवढं मन पोरीचं! एवढा छळ सोसून म्हणते, नेहमीसारखं बोला! बलभीमरावांना हुंदका आवरेना.

कार्यक्रमाला वाचनालय खच्चून भरलं. पुस्तकासाठी आलेले चार-दोन असतील. बाकीचे बलभीमरावांना शेवटचं बघायला आले होते. शिवांजली पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, हेडफोन लावून बसली होती.

बलभीमराव माईकपुढं उभे राहिले. सुरुवातीला नुसती कुजबुज. लोक मान पुढं काढून ऐकत होते. आणि मग, इतके दिवस दाबून धरलेला तो आवाज सुटला!

"ही थंडी म्हंजे माझी शिवा हाय! एकटी पडल्याली माझी पोर! आन तिला ओढणारा, तिचं कधीच न ऐकणारा त्यो जड... त्यो म्या हाय! म्या!"

भोंगा किंचाळला. बायका ओक्साबोक्शी रडायला लागल्या. रामहरी सरांनी उपरण्यानं डोळे टिपले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि "माझी बाय गं!" म्हणत शिवांजलीला कवटाळायला गेली. शिवांजली खुर्चीसकट मागं सरकली.

"हात लावू नका, अक्का."

"बघा, बघा!" मागून कुणीतरी हळहळलं. "थंडी!"

शिवांजलीनं हेडफोन काढला, सभागृहाकडं एकवार बघितलं आणि सरळ माईकपाशी गेली.

"थंडी म्हंजे थंडी हाय," ती म्हणाली. "मी न्हाय. मला थंडी वाजते. मी स्वेटर घालते."

टाळ्यांचा कडकडाट झाला! "किती खोल!" सर पुटपुटले. "हेही प्रतीकच!"

"प्रतीक न्हाय सर. स्वेटर हाय. निळा."

बलभीमराव खांबासारखे उभे होते. "मग पोरी, जड म्हंजे म्या न्हाय?"

"न्हाय, आप्पा. जड म्हंजे लई वस्तुमान."

"मग म्या कोण हाय त्यात?"

"तुमी त्यात न्हाय."

"कुठंच न्हाय?"

"कुठंच न्हाय. त्यात कुणीच न्हाय. माणसं आली की मला गणित सुचत न्हाय."

भाचा दारात हातातल्या शहाळ्यासकट थिजला होता. बलभीमराव खाली उतरले. दुष्ट का होईना, पण लेकीच्या पुस्तकात आपण आहोत, या एका गोष्टीवर त्यांनी इतके दिवस काढले होते. आता तेवढंही न्हाय. घरापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि या खेपेला कुजबुजलेही नाहीत.

ओसरीवर बसले, तर शिवांजली येऊन समोर बसली. "आप्पा, तुमचा चेहरा मला वाचता येत न्हाय. वाईट वाटलं का, ते सांगा."

"वाटलं."

"जड नसल्याचं?"

"कुठंच नसल्याचं."

"मी लिहीत हुते तवा तुमी बाहेर फोनवर बोलायचा. मला लई तरास व्हायचा. मी हेडफोन लावून लिहायचे. म्हंजे तुमी हुता. पर बाहेर."

बलभीमरावांना यावर हसावं की रडावं कळेना.

"आता खरं सांगा. पुस्तकातलं काय समजलं?"

आतून प्रेमाबाई भाकरी वाढायला धावल्या. पण बलभीमराव आता थकले होते. "काय बी समजलं न्हाय, शिवा. एक अक्षर न्हाय."

शिवांजलीचा चेहरा खुलला. "बरोबर हाय! थंडीला पण काय समजत न्हाय. शेवटपर्यंत न्हाय. तुमी पहिले हाय, ज्यानं असं सांगितलं. बाकी सगळ्यांना समजलं म्हणे."

ती लगबगीनं आत गेली आणि कागदांचा हा एवढा गठ्ठा घेऊन आली. "हा दुसरा भाग. तुमीच पहिल्यांदा वाचा."

बलभीमरावांचा ऊर भरून आला. त्यांनी चष्मा पुसला, ताठ बसले आणि वरचं पान हातात घेतलं. पुढून बघितलं, मागून बघितलं, उजेडात धरलं. पान कोरं होतं. दुसरं काढलं, तेही कोरं. तिसरंही.

"शिवा, हे छापायचं राहिलं की काय गं?"

"न्हाय आप्पा," शिवांजली म्हणाली. "ही सुरुवात हाय. अजून काहीच न्हाय, थंडी पण न्हाय. सावकाश वाचा, लई अवघड हाय."