कडबा खाणारा बिबट्या आणि सुवार्ताबाईंचं लग्न

नाताळच्या थोडं आधी शद्रक हिवाळे यांच्या गोठ्यात एक बिबट्या राहायला आला आणि गाईशेजारी बसून कडबा खाऊ लागला.

आमच्या खिरवाडीला बिबट्याचं नवल नाही. प्रवरेच्या काठानं सगळा ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. त्यामुळे सुवार्ताबाई सकाळी धार काढायला गेल्या आणि दावणीला बिबट्या दिसला, तेव्हा त्यांनी शांतपणे दार ओढून घेतलं आणि खिडकीतून पाहिलं. शेळीचं करडू त्याच्या पोटाला टेकून झोपलं होतं. बिबट्यानं कडब्याची एक पेंढी पुढ्यात ओढली, पाला पाला खाल्ला आणि जाड ताटं बाजूला सारली.

"दादा," त्या घरात येऊन म्हणाल्या, "गोठ्यात बिबट्या आहे. पाला खातो, ताटं ठेवतो. कुट्टी करून द्यावी लागेल."

शद्रकराव चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, गोठ्याकडे गेले, बराच वेळ उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढली.

शद्रकराव साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. बायको फार पूर्वी वारली. घर धाकटी बहीण सुवार्ता सांभाळायची; ती मुलींच्या शाळेत शिक्षिका. शद्रकरावांचा सगळा जीव शेवटच्या काळाच्या भाकितांत. जुन्या चादरीवर त्यांनी रंगानं एक तक्ता काढून भिंतीवर टांगला होता. आधी विश्वासणारे वर उचलले जातील, मग सात वर्षं मोठं संकट, मग प्रभूचं येणं, मग त्याचं सहस्र वर्षांचं राज्य, आणि अगदी शेवटी मेलेल्यांचं पुनरुत्थान. त्या राज्यात हिंस्र जनावरं गुरांबरोबर चारा खातील असं यशया संदेष्ट्यानं सांगून ठेवलंय, आणि ते अक्षरशः तसंच घडेल, असं शद्रकराव दर बुधवारच्या प्रार्थनेत सांगत. आमचे तरुण पाळक इम्मानुएल रणभिसे पुण्याला शिकून आलेले. ते म्हणत, हे सगळं प्रतीक आहे. चारा म्हणजे चारा नव्हे आणि सिंह म्हणजे सिंह नव्हे. यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. मंडळीचेही दोन भाग पडले होते, आणि नाताळचा केक दोन ठिकाणी कापला जायचा.

दुपारी वनरक्षक घुले पिंजरा घेऊन आले. आमिष म्हणून त्यांनी आत एक शेळी बांधली आणि तिच्यापुढे थोडा हिरवा घास टाकला. बिबट्या उठला, स्वतःहून पिंजऱ्यात गेला, शेळीजवळ बसला आणि दोघांनी मिळून घास संपवला. मग तो बाहेर येऊन पुन्हा गाईशेजारी बसला. घुल्यांनी साहेबांना फोन लावला आणि बराच वेळ "हो साहेब" म्हटलं.

"आमच्याकडे बिबट्या म्हणजे मांस खाणारा प्राणी," फोन ठेवून ते म्हणाले. "हा चारा खातो. साहेब म्हणतात, हे पशुसंवर्धनचं काम."

पशुसंवर्धनचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. "रवंथ करतो का?" त्यांनी विचारलं.

"करतो," सुवार्ताबाई म्हणाल्या. "दुपारच्याला."

डॉक्टरांनी लाळ्या-खुरकुताची लस टोचली, कानात पिवळा बिल्ला मारला आणि पाण्यात थोडं मीठ घालायला सांगितलं. बिबट्यानं मान हलवली, एवढंच.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर कोणीच घरी गेलं नाही. शद्रकराव उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "ज्यांना बघायचंय त्यांनी माझ्या गोठ्यात यावं. राज्य सुरू झालंय."

सगळे गेले. पाळकसाहेबही गेले. ते दावणीपाशी उकिडवे बसले आणि नीट पाहू लागले. बिबट्यानं कुट्टी खाता खाता त्यांचा हात चाटला.

"मी अजूनही म्हणेन की हे प्रतीक आहे," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. प्रतीकानं घमेलं रिकामं केलं आणि सुवार्ताबाईंकडे पाहिलं. त्यांनी आणखी कुट्टी टाकली.

याच सुमाराला बर्नबा साळवे आले. बर्नबांची श्रीरामपूरला रोपवाटिका आहे. विधुर, पन्नाशीचे, बोलायला सावकाश. सुवार्ताबाईंना त्यांनी आधी दोनदा मागणी घातली होती. दोन्ही वेळा शद्रकराव म्हणाले होते, प्रभूचं येणं अगदी दारात आलंय, आता संसार मांडून काय करायचं. बर्नबा दोन्ही वेळा चहा घेऊन परत गेले होते. या वेळी त्यांनी डाळिंबाची दोन रोपं आणली होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली, बिबट्याला नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि शद्रकरावांसमोर बसले.

"दादा, मी पुन्हा तेच विचारायला आलोय," ते म्हणाले.

"बर्नबा, तुम्ही पाहिलंत ना गोठ्यात?" शद्रकराव म्हणाले. "राज्य आलं. त्या जीवनात लोक लग्न करत नाहीत, करून देत नाहीत, असं खुद्द प्रभूनं सांगितलंय. आता उशीर झाला."

सुवार्ताबाई दारात उभ्या होत्या. हातात कुट्टीचं घमेलं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"दादा, मला एक सांग," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तू म्हणालास, प्रभू यायचाय, म्हणून थांब. आता म्हणतोस, तो आलाय, म्हणून नको. या दोन्हींच्या मधे एखादा दिवस होता का, ज्या दिवशी मी लग्न करायला हवं होतं? असला तर तेवढा सांग. मला माझी चूक तरी कळेल."

शद्रकराव उठले आणि भिंतीवरच्या तक्त्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी बोट ठेवून उजवीकडून डावीकडे पाहायला सुरुवात केली. राज्याच्या जागी काढलेल्या बिबट्याच्या चित्रावरून बोट प्रभूच्या येण्यावर आलं, तिथून मोठ्या संकटावर, आणि तिथून मागे, जिथे विश्वासणारे वर उचलले जातात, तिथे येऊन थांबलं. ते तिथंच राहिलं.

"काय झालं दादा?" सुवार्ताबाईंनी विचारलं.

"बिबट्या आला," शद्रकराव हळू म्हणाले, "म्हणजे हे सगळं होऊन गेलं. उचलायचे ते उचलले गेले. आणि मी इथं आहे."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नीट जेवले नाहीत. त्यांनी मंडळीतल्या एकेका माणसाला आठवून पाहिलं. कोण दिसत नाही, कोण नाहीसं झालंय. सगळे होते. फक्त नामीमावशी महिनाभर दिसल्या नव्हत्या. नामीमावशी अतिशय देवभीरू बाई, उचललं जाणार तर त्यांनाच आधी. शद्रकरावांनी त्यांना फोन लावला. मावशींनी फोन उचलला. त्या नाशिकला मुलाकडे होत्या, गुडघ्यासाठी.

"मावशी, तुम्ही पण राहिलात?" शद्रकराव म्हणाले.

"राहिले ना," मावशी म्हणाल्या. "सून सोडेना. पुढच्या आठवड्यात येते."

संध्याकाळी शद्रकराव पाळकसाहेबांच्या घरी गेले. वर्षभरात पहिल्यांदाच ते त्या पायऱ्या चढले. पाळकसाहेबांच्या पत्नीनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आत निघून गेली.

"पाळकसाहेब, मी मागे राहिलोय का?" शद्रकरावांनी विचारलं.

चिमटा काढायला इतकी चांगली संधी पाळकसाहेबांना पुन्हा मिळाली नसती, आणि ते त्यांनाही दिसत होतं.

"राहिला असाल तर मीही राहिलोय," ते म्हणाले. "रविवारी सगळी मंडळी हजर होती. नेण्यासारखं आपल्यात कोणीच नव्हतं असं म्हणायचं, किंवा तक्त्यातला क्रम चुकलाय असं म्हणायचं."

"तुमच्या मते तर काही घडलंच नाही."

"माझ्या मते नाही. पण तो बिबट्या माझं मत विचारून आला नाही, काका. गेले चार दिवस मला प्रवचन लिहिता येत नाहीये. प्रतीक म्हटलं की हात चाटलेला आठवतो."

शद्रकरावांना किंचित हसू आलं. मग ते म्हणाले, "सुवार्ताच्या लग्नाचं काय करू? त्या जीवनात लग्न नाही."

"ते पुनरुत्थानानंतरचं. तुमच्या तक्त्यात ते अगदी शेवटी आहे," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं आणि पानं चाळली. "हा तुमचाच यशया. त्या काळात लोक घरं बांधतील, मळे लावतील, त्यांची फळं खातील, आणि त्यांची मुलंबाळं त्यांच्याबरोबर असतील, असं म्हणतोय. मी हे अलंकारिक घेतो. तुम्ही शब्दशः घेता ना? मग मुलंबाळं आहेत तिथं आधी लग्नं असणार की नाही?"

शद्रकरावांनी तो भाग दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला. पुसताना खाली बघत म्हणाले, "खरं सांगू का? मला भाकरी येत नाही. ती गेली की घरात कोणी बोलायला नाही. हे मी तक्त्यात कुठं दाखवणार होतो?"

"हे तुम्ही तिला सांगा," पाळकसाहेब म्हणाले.

त्यांनी सांगितलं. सुवार्ताबाई चुलीपुढे होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, परातीत पीठ काढलं आणि परात भावाच्या पुढे सरकवली. "पाणी कोमट घे," त्या म्हणाल्या. "आणि थापताना हात हलका ठेव." पहिली भाकरी तुटली. ती बिबट्याला दिली. त्यानं वास घेतला आणि मान फिरवली. दुसरी त्यानं खाल्ली. शद्रकरावांना बरं वाटलं, आणि ते लपवता आलं नाही.

लग्नाची सूचना तीन रविवार मंडळीत वाचली गेली. कोणाची हरकत असल्यास सांगावी, असं पाळकसाहेब म्हणाले की सगळ्यांच्या माना शद्रकरावांकडे वळायच्या. तिन्ही वेळा ते छताकडे पाहत बसले.

खरी अडचण जेवणाची निघाली. मांडव हिवाळ्यांच्या अंगणातच घालायचा होता, गोठ्याच्या समोर. आचारी मटणाचं विचारायला आला तेव्हा शद्रकराव म्हणाले, ज्या अंगणात बिबट्या कडबा खातो तिथं माणसांनी बोकड कापायचा, हे बरं दिसत नाही. पाळकसाहेबांनीही दुजोरा दिला. दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मंडळीनं पहिल्यांदाच पाहिलं, आणि नेमकं ते या गोष्टीवर व्हावं याचं पुष्कळांना वाईट वाटलं. प्रभू आधी येणार की नंतर, यावर लोक वर्षानुवर्षं सबुरीनं भांडले होते. पण लग्नात मटण नाही म्हटल्यावर दोन्ही गट एक झाले आणि त्यांनी एक शिष्टमंडळ पाठवलं. शिष्टमंडळाला सुवार्ताबाईंनी गोठ्यात नेऊन बसवलं. बिबट्या करडाला चाटत होता. शिष्टमंडळ थोडा वेळ बसलं आणि शेवग्याची आमटी, वांग्याची भाजी, पुऱ्या आणि लापशी यावर समाधान मानून परत गेलं. लापशीत तूप भरपूर घालावं एवढी अट त्यांनी घातली.

लग्न छान झालं. सुवार्ताबाईंनी मोतिया रंगाची साडी नेसली होती. बर्नबा लग्नाची वचनं वाचताना दोनदा अडखळले, तेव्हा सुवार्ताबाईंनीच पुढचा शब्द हळूच सांगितला. पाळकसाहेबांचा उपदेश आटोपशीर होता. त्यात एकही प्रतीक नव्हतं. निघताना सुवार्ताबाई भावाच्या गळ्यात पडून रडल्या, मग गोठ्यात गेल्या आणि बिबट्याच्या कानामागे खाजवून आल्या. त्यांच्या साडीला कडब्याचा पाला चिकटला होता. तो बर्नबांनी गाडीत बसल्यावर एकेक करून काढला.

आता पाळकसाहेब संध्याकाळी शद्रकरावांकडे येतात. दोघं गोठ्यासमोर खाटेवर बसून वाद घालतात. आवाज वाढला की बिबट्या उठून आत जातो, मग ते जरा हळू बोलतात. सुवार्ताबाई श्रीरामपूरहून फोन करतात आणि आज काय केलं होतंस, विचारतात. शद्रकराव सांगतात, पिठलं.

उन्हं तापू लागल्यावर, ज्वारीची काढणी होऊन अंगणात कडब्याची नवी गंज रचली गेली तेव्हा, घुले पुन्हा आले. जीपमागे पिंजरा होता आणि त्यात एक मादी बिबट्या दोन पिल्लांसह बसली होती.

"संगमनेरकडं सापडली," घुले म्हणाले. "उसाच्या शेंड्याचं वाढं खात होती. साहेब म्हणाले, तुमच्याकडं सोय आहे."

शद्रकरावांनी पिंजऱ्याचं दार स्वतः उघडलं. मादी उतरली, पिल्लं उतरली, आणि ती तिघं सावलीत गाईच्या पलीकडे जाऊन बसली.

"अजून येतील का हो, काका?" घुल्यांनी विचारलं. "साहेबांना काय सांगू?"

शद्रकराव गंजीभोवती एक फेरी मारून आले. पाळकसाहेब खाटेवर बसून त्यांच्याकडे पाहत होते.

"सांगा, येऊ देत," शद्रकराव म्हणाले. "एवढ्यात यांचं भागेल. पुढच्या वर्षी खालच्या रानातही ज्वारी पेरावी म्हणतो."