पावणेतीनचे जाधव काका

ठाण्याला राहायला आल्यापासून माझी दुपारची झोप कोणी मोडत नाही. डोंबिवलीला ती शेजारचे जाधव काका मोडायचे. बरोबर पावणेतीनला बेल. पाण्याचा पंप, शाळेच्या बस, खालचं गॅरेज, हे सगळं एकदम गप्प असतं ते फक्त त्या अर्ध्या तासात, हे त्यांनी महिनाभर टिपून काढलेलं. कोणाशी काही बोलायचं असलं की तेव्हाच जायचे. आत आले की आधी आमचा पंखा बंद करायचे. मग, "हां, आता बोल. घाई नको, आणि तोंड माझ्याकडे ठेव."

काकांनी तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जनरेटरच्या खोलीत काढलेली. कान तिथेच जमा करून आलो, म्हणायचे. मुलाने दोन्ही कानांना मशीन आणून दिलं. शांत खोलीत काका उत्तम ऐकायचे, पण चार माणसं एकदम बोलायला लागली की संपलं. "मशीन आवाज मोठा करतं गं. त्यातून माणूस वेगळा काढायचं काम डोक्याचं. आणि डोकं माझ्याच वयाचं आहे."

गर्दीत मग ते अर्धा शब्द पकडून उरलेलं वाक्य स्वतःच रचायचे आणि "कळलं, कळलं" म्हणून मोकळे व्हायचे. कल्याणच्या एका लग्नात बँड वाजत असताना नवरीच्या मामांनी आनंदाने सांगितलं, मुलगा बडोद्याला लागला. काकांनी ऐकलं, घोड्याला लागलं. वरातीचा घोडा दारात उभा होताच. काका हळहळले, घोड्याला मलमपट्टी केली का विचारलं, आणि मामा हातातली थाळी ठेवून दाराकडे पळाले.

अशा वेळी सुमनकाकू निस्तरायच्या. त्या काकांच्या मनगटाला हात लावायच्या, ते वळेपर्यंत थांबायच्या, मगच बोलायच्या. आवाज कधी चढवला नाही त्यांनी.

काकू आजारी पडल्या तेव्हा मी हॉस्पिटलात डबा घेऊन गेलेले. भेटायची वेळ, शेजारच्या खाटेभोवती दहा माणसं. काकू पडल्या पडल्या काहीतरी बोलल्या. काकांनी मान हलवली, "कळलं" म्हणाले. काकूंनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

वर्षभर काका कोणाकडे गेले नाहीत. मग एका दुपारी माझ्याकडे आले, पंखा बंद केला.

"त्या दिवशी तू होतीस ना तिथे? ती काय म्हणाली गं? मला ऐकूच आलं नव्हतं. नुसतं कळलं म्हणालो."

वर्षभर ते एकच वाक्य रचत होते. "मला घरी घेऊन चला, असं ती म्हणाली असेल. मी हो म्हणालो आणि तिला तिथेच ठेवलं."

मला चांगलं आठवत होतं. "काका, त्या म्हणाल्या, सकाळपासून उपाशी आहात. डब्यात भेंडी आहे, आधी जेवून घ्या."

"घरी न्या नाही म्हणाली?"

"नाही."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "जेवलो नाही मी त्या दिवशी," ते म्हणाले. मग त्यांनी मला काकूंचे शब्द परत सांगायला लावले. पहिल्या वेळीच स्वच्छ ऐकू आलेलं त्यांना. तरी मी तीनदा सांगितलं.