कार्बाइडच्या बिटाचा काहीही दोष नाही!

आधीच सांगून ठेवतो, ड्रिल मशीनचं बिट मी अगदी बरोबर निवडलं होतं! गावात जे उलटसुलट पसरलंय, तो त्या बिटावर धडधडीत अन्याय आहे. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मी फिटरच्या मुलांना भोकं पाडायला शिकवली. आणि लोक मला सांगतात, "सर, सुताराला बोलवायचं होतं!" सुताराला! मला!

झालं असं. आमच्या कोकिळाने स्वयंपाकघरात ओट्यामागे नव्या टाइल्स बसवून घेतल्या. सगळ्या पांढऱ्या, मधोमध एकच चित्राची. टोपलीत आंबे, केळी, द्राक्षं. ती टाइल कोकिळा रोज पदराने पुसते. माझा चष्मा चाळीस वर्षांत एकदाही पुसलेला नाही! आता तिला तिथे मसाल्याच्या डब्यांसाठी फळी हवी होती. चार स्क्रू, आणि त्यातला एक नेमका चित्राच्या कोपऱ्यात येत होता.

"माझ्या चित्राला काही झालं तर बघा हं," ती म्हणाली.

"अगं, योग्य बिट असलं की टाइल म्हणजे लोणी!"

बिट आणायला अलिबागला गेलो. दुकानदार कमलेशने न बघताच एक पुढे सरकवलं. "घ्या काका, भिंतीचं. सगळ्याला चालतं."

"सगळ्याला? पोळीला चालेल?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. "अरे, याच्या टोकाला कार्बाइडचा, पोलादाहून कठीण असा बोथट तुकडा आहे. चिऱ्यात, काँक्रीटमध्ये तो ठोके देत घुसतो. टाइलला भाल्यासारखं टोकदार कार्बाइड लागतं. ठोके बंद, मशीन सावकाश!"

"मग हे अख्खं कार्बाइडचं न्या. भारीतलं आहे."

"ते काचेच्या बांगडीसारखं असतं! हातातलं मशीन जरा कललं की कटकन मोडतं. ते कारखान्यातल्या घट्ट बसवलेल्या मशीनसाठी."

मागून एक जण म्हणाला, "काका, मला फक्त पाव किलो खिळे पायजेत."

"थांबा, तुमच्याही उपयोगाचं सांगतोय!"

शेवटी टोकदार बिट मिळालं. कमलेशने ते डबीत घालून इतक्या घाईने हातात दिलं, की जणू मला कोपरापासून नमस्कारच केला.

रविवारी सकाळी आळीतली पाच-सहा मुलं माझ्याकडे शिकायला येतात. कधी सायकलचं पंक्चर, कधी फ्यूज. मुलांवर माझा आवाज कधी चढत नाही. त्या रविवारचा पाठ अर्थातच स्वयंपाकघरात ठेवला. मुलं ओट्यासमोर दाटीवाटीने उभी राहिली. समोरच्या चंदाबाईचा प्रथमेश वही काढून तयार.

"बाळांनो, ही खूण केली. बिट घसरू नये म्हणून आता खुणेवर काय मारायचा? सेंटर पंच! म्हणजे टोकाला बसायला खळगा मिळतो."

प्रज्ञाने हात वर केला. "सर, पण ही तर..."

"प्रश्न शेवटी, बाळ."

एकतीस वर्षं लोखंडावर हेच केलेलं. हाताला दुसरं ठाऊकच नाही! पंचाचं पोलादी टोक खुणेवर टेकवलं, हातोडी उचलली. टक्!

तडा आंब्यातून निघाला, केळी चिरत गेला आणि द्राक्षांत जाऊन थांबला.

"माझा प्रश्न हाच होता, सर," प्रज्ञा हळूच म्हणाली. "ही तर टाइल आहे, फुटणार नाही का?"

आवाज ऐकून कोकिळा धावत आली. "हेच का तुमचं ते कार्बाइड?"

"अगं, बिट अजून डबीत आहे! मशीनची पिनसुद्धा लावलेली नाही!"

"म्हणजे बिटाशिवायच फोडलीत?"

आता बिटाची अब्रू राखणं माझं कर्तव्य होतं. उरलेली तिन्ही भोकं मी पंच न मारता पाडली. खुणेवर चिकटपट्टी, सावकाश गती, वरून पाण्याचे थेंब. टाइल पार झाल्यावर मागच्या चिऱ्यासाठी भिंतीचं बिट लावलं आणि मग ठोके सुरू केले. भोकं कशी? गोल, गुळगुळीत! पण कोकिळा बघत होती आंब्याकडे. टाइलवाल्याला फोन केला, तर म्हणे ते चित्र कंपनीने बंद केलं.

"चंदाबाईने हीच टाइल घेतली होती, तिच्याकडे एक उरलीये," कोकिळा म्हणाली. "आज ती आणलीत तर ठीक. नाहीतर तुमची रविवारची शाळा या घरात बंद!"

मान खाली घालून दुपारीच चंदाबाईचं दार गाठलं.

"व्हय सर, हाय ना एक, माळ्यावर," ती हसून म्हणाली. "तुम्हाला न्हाय म्हणू का? परथम्या, सरांना ती फळांची लादी दे रं."

प्रथमेश जागचा हलेना. मग आत गेला आणि टाइल घेऊन आला. तीन तुकड्यांत.

"सर, सराव केला," तो म्हणाला. "पंच नव्हता, म्हणून मोठा खिळा घेतला."

चंदाबाईचा हात कपाळावर गेला. मी मात्र अजून सावरून होतो. निदान हा दोष तरी माझा नसेल!

"बिट कुठलं लावलंस? भिंतीचं ना? तरी मी सांगत होतो..."

"बिट लागलंच न्हाय, सर. तुमच्यासारखंच झालं."

मी तुकडे जुळवून पाहिले. तडा आंब्यातून निघून द्राक्षांत. एकतीस वर्षांत माझा धडा इतका हुबेहूब कुणीही गिरवला नव्हता!

हल्ली रविवारची शाळा शेजारच्या गोदूमावशींच्या अंगणात भरते. शेणाने सारवलेली जमीन, वर मांडव. आसपास एकही टाइल नाही, याची खात्री चंदाबाईने स्वतः येऊन करून घेतली, मगच प्रथमेशला पाठवलं.